मोरबाथची जमाखर्चाची वही

१

इतिहासाच्या साधनांमध्ये जमाखर्चाच्या वह्यांचे स्थान नेहमीच खालच्या पायरीवरचे राहिले आहे. राजपत्रे, तहनामे, बखरी, प्रवासवर्णने यांच्याकडे अभ्यासक प्रथम वळतो. मेणबत्त्यांना किती पैसे पडले, छपराची गळती कोणी काढली, यंदा लोकर किती भरली, असल्या नोंदी आर्थिक इतिहासकाराच्या स्वाधीन करून वाङ्मयाचा अभ्यासक पुढे निघून जातो. अशा नोंदींत माणसाचा आवाज असू शकेल, ही शक्यता त्याच्या मनात सहसा येत नाही. इंग्लंडमधील एका लहानशा खेड्याच्या चर्चची सोळाव्या शतकातील वही या समजुतीला छेद देते. म्हणून तिचा परिचय मराठी वाचकाला करून देणे अगत्याचे वाटते.

हे खेडे म्हणजे मोरबाथ. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डेव्हन परगणा आहे. त्याच्या उत्तरेकडील सीमेवर, एक्समूर नावाच्या उजाड, वाऱ्याने झोडपलेल्या पठाराच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे तेहतीस कुटुंबे राहत होती. सारी वस्ती दीडशेच्या आसपास. जमीन चढउताराची, धान्यापेक्षा मेंढपाळीला अधिक सोयीची. गावात कोणी सरदार नव्हता, कोणी विद्वान नव्हता, बाजारपेठही नव्हती. इंग्लंडच्या राजकीय इतिहासात ज्याचे नाव यावे असे तेथे काही घडलेले नाही. गावाला होते ते एक चर्च, संत जॉर्जच्या नावाचे.

येथे 'पॅरिश' ही कल्पना थोडी स्पष्ट करायला हवी. एका चर्चच्या धर्मसेवेखाली येणारा गाव आणि त्याचे शिवार म्हणजे पॅरिश, ही तिची साधी व्याख्या. पण जुन्या इंग्लंडमध्ये पॅरिश ही केवळ उपासनेची सोय नव्हती. जन्माला आलेल्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये व्हायचा, लग्न तेथेच लागायचे आणि अखेरची जागाही त्याच आवारात मिळायची. शेतकऱ्याने आपल्या उत्पन्नाचा दशमांश त्याच चर्चच्या धर्मगुरूला द्यायचा असे. वेदीच्या बाजूचा भाग धर्मगुरूने वा दशमांशाच्या धन्याने नीट राखावा आणि लोक जेथे बसतात तो भाग लोकांनी राखावा, असा सर्वसाधारण दंडक होता. दुरुस्तीची जबाबदारी गावावर असल्यामुळे गावाला पैसा उभा करावा लागे. पैसा उभा करायचा म्हणजे माणसे नेमायची, हिशेब ठेवायचा आणि तो सर्वांसमोर मांडायचा. इंग्रज खेडुताने स्वराज्याचे पहिले धडे गिरवले ते पार्लमेंटात नव्हे, तर चर्चच्या छपराखाली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

२

१५२० साली मोरबाथला एक नवा धर्मगुरू आला. त्याचे नाव क्रिस्टोफर ट्रिकी. तो डेव्हनमधल्याच कल्मस्टॉक गावचा. विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूला त्या काळी सौजन्याने 'सर' म्हणत, त्यामुळे वहीत तो 'सर क्रिस्टोफर' म्हणून वावरतो. तो आला तेव्हा आठव्या हेन्रीचे राज्य होते. १५७४ मध्ये तो वारला तेव्हा पहिली एलिझाबेथ गादीवर होती. मध्ये सहावा एडवर्ड आणि मेरी येऊन गेले. चार राजवटी, चोपन्न वर्षे, एकच गाव आणि एकच धर्मगुरू. या काळात इंग्लंडचा धर्म एकदा नव्हे, तर अनेकदा बदलला आणि प्रत्येक बदल राजाज्ञेने या डोंगराळ खेड्यापर्यंत येऊन पोहोचला. या साऱ्या काळात सर क्रिस्टोफर गावाचा हिशेब लिहीत राहिला.

त्याची वही ज्या व्यवस्थेचे चित्र उभे करते ती मोठी गुंतागुंतीची आहे. चर्चमध्ये वेगवेगळ्या संतांच्या मूर्ती होत्या आणि त्यांच्यापुढे दिवे तेवत. प्रत्येक दिव्यामागे एक निधी असे. त्याला गावकरी 'स्टोअर' म्हणत. मरियामातेचा निधी, संत जॉर्जचा निधी, संत अँथनीचा निधी, संत सिडवेलचा निधी, मृतांच्या स्मरणार्थ लावलेल्या दिव्याचा निधी. याखेरीज गावातील तरुणांचा एक आणि अविवाहित मुलींचा एक, असे दोन स्वतंत्र निधी होते. प्रत्येक निधीला आपापले वॉर्डन असत. त्यांनी वर्षभर पैसा जमवायचा, मेण विकत घ्यायचे, दिवा विझू द्यायचा नाही आणि वर्षअखेरीस सगळ्या गावापुढे हिशेब सांगायचा.

यांतल्या काही निधींचे भांडवल म्हणजे मेंढरे. चर्चची मेंढरे चर्चच्या कुरणात चरत नसत. ती गावातल्या शेतकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेली असत. याच्याकडे मरियामातेचे एक, त्याच्याकडे संत जॉर्जचे एक. कोणाकडचे मेंढरू दगावले, कोणाकडच्या मेंढीला कोकरू झाले, लोकर किती भरली आणि तिचे किती आले, हे सारे वहीत नावानिशी येते. अशा रीतीने देवाचे धन गावभर विखुरलेले होते आणि त्याची राखण करण्यात घराघराचा वाटा होता. एका गावकऱ्याने आपल्या मृत्यूनंतर चर्चला मधमाश्यांचे एक पोळे ठेवले: त्याचे मेण दिव्याच्या उपयोगी पडावे म्हणून. ज्याच्याकडे जे होते ते त्याने दिले.

उत्पन्नाचा दुसरा मोठा मार्ग म्हणजे 'चर्च-एल'. चर्चच्या मालकीचे एक घर असे. तेथे वर्षातून ठरावीक वेळी वॉर्डनांनी बिअर गाळायची, जेवण रांधायचे, शेजारच्या गावांना बोलवायचे आणि खाण्यापिण्यातून जो नफा होईल तो चर्चच्या खात्यात जमा करायचा. त्यात वादकही येत. आजच्या धार्मिक जाणिवेला हे विचित्र वाटेल आणि पुढे प्युरिटन मंडळींना ते वाटलेही. परंतु आपल्याकडील जत्रा आणि उरूस ज्याने पाहिले आहेत त्याला देव, जेवण आणि गोतावळा यांची ही एकत्र बैठक समजून घेणे कठीण जाऊ नये.

यांतील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे या कारभारातील सहभागाचे स्वरूप. मुख्य वॉर्डनांचे काम श्रीमंतीवर अवलंबून नव्हते. ते बरेचसे पाळीपाळीने घराघरांकडे जाई. घरधनी वारला असेल तर ती पाळी त्याच्या विधवेकडे येऊ शकत असे. मुलींच्या निधीच्या वॉर्डन मुलीच असत. त्या पैसा जमवीत आणि त्यांच्या नावाने हिशेब मांडला जाई. १५३४ सालच्या नोव्हेंबरात चर्चमध्ये चोरी होऊन चांदीचा चषक गेला, तेव्हा गावातल्या तरुण-तरुणींनी आपापसांत वर्गणी काढून, पॅरिशवर भार न टाकता नवा चषक आणला. सर क्रिस्टोफरने ही गोष्ट अभिमानाने नोंदवली आहे. ज्यांना इतरत्र कोठेही मत नव्हते अशा माणसांना या लहानशा सार्वजनिक जीवनात काम होते, नाव होते आणि जबाबदारी होती.

३

ही वही वाङ्मयाच्या अभ्यासकाला का खुणावते, हे आता पाहू. ती इंग्रजीत आहे, लॅटिनमध्ये नाही. तिची शुद्धलेखनपद्धती कोणत्याही नियमात बसत नाही. डेव्हनची बोली जशी कानावर पडते तशी ती कागदावर उतरली आहे. याचे कारण तिच्या प्रयोजनात आहे. हे हिशेब मुख्यतः डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेले नाहीत. ते वर्षातून एकदा जमलेल्या गावासमोर मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेले आहेत. म्हणून त्यांत 'ऐका', 'ध्यानात घ्या' अशा धाटणीची वळणे येतात, आठवण करून दिलेली असते, समजूत घातलेली असते. दान देणाऱ्याचे नाव येते तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थनेची विनंतीही येते. रकमेच्या ओळीतून एकाएकी प्रवचन सुरू होते आणि प्रवचन संपते तेव्हा आपण पुन्हा मेंढरांच्या मोजणीत येतो.

आणखी एक विशेष असा, की हिशेब वॉर्डनांच्या नावाने मांडलेला असतो. 'मी' म्हणून बोलतो तो वॉर्डन. पण लिहिणारा हात एकच, धर्मगुरूचा. त्यामुळे हे 'मी' कधी वॉर्डनाचे असते, कधी नकळत धर्मगुरूचे होते आणि कधी 'आम्ही' होऊन साऱ्या गावाचे होते. निवेदकाच्या प्रश्नावर आपल्या समीक्षेत पुष्कळ चर्चा झाली आहे; तिला येथे एक अनपेक्षित उदाहरण मिळते.

या आवाजात हट्टही आहे. एक्सिटरच्या परिसरात संत सिडवेल नावाच्या कुमारिकेची भक्ती प्रचलित होती. शेतात कापणी करणाऱ्यांनी तिला विळ्याने मारले, अशी आख्यायिका. सर क्रिस्टोफर आला तो या संतेची भक्ती घेऊनच. त्याने तिची मूर्ती चर्चला दिली, तिच्यासाठी दाने गोळा केली, तिचा दिवा लावला. हळूहळू गावातल्या मुलींचे नाव सिडवेल ठेवले जाऊ लागले. एका धर्मगुरूची आवड गावाच्या तोंडी कशी रुळते, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नसेल.

त्याचा दुसरा हट्ट काळ्या वस्त्रांचा. मृतांसाठी होणाऱ्या मिस्साविधीला साजेशी काळी वस्त्रे चर्चकडे असावीत, अशी त्याची इच्छा होती. एवढा पैसा गावाकडे नव्हता. तेव्हा चर्चच्या मेंढरांच्या लोकरीवर त्याचा स्वतःचा जो दशमांशाचा हक्क होता, तो त्याने या कामासाठी सोडला. वर्षामागून वर्षे त्या खात्यात थोडी थोडी भर पडत गेली. वीस वर्षांहून अधिक काळ ही जमवाजमव चालली होती. अखेर १५४७ साली वस्त्रे आली.

४

१५४७ हे वर्ष मात्र ध्यानात ठेवायला हवे. त्या वर्षाच्या जानेवारीत आठवा हेन्री वारला आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या नावाने राज्य करणाऱ्या मंडळींना प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा वेगाने पुढे न्यायची होती.

बदलाची सुरुवात अर्थात त्याआधीच झाली होती. हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले होते, मठ विसर्जित झाले होते, आणि १५३८ साली त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढलेल्या आज्ञांनी मूर्तींपुढील दिव्यांवर बंदी घातली होती. त्याच आज्ञांनी प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असेही ठरवले. आज इंग्लंडमधील वंशावळींचा शोध घेणारे ज्या नोंदींवर विसंबतात त्यांचा उगम येथे आहे. एकाच हुकमाने संतांचे दिवे विझावेत आणि सामान्य माणसांची नावे कागदावर चढावीत, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग म्हटला पाहिजे.

एडवर्डच्या काळात जे झाले ते याहून पुष्कळ व्यापक होते. मूर्ती उतरवल्या गेल्या. मृतांच्या आत्म्यांसाठी शुद्धिस्थळाच्या कल्पनेवर आधारलेल्या प्रार्थना अंधश्रद्धा ठरल्या. म्हणजे ज्या विधीसाठी मोरबाथने वीस वर्षे पैसा साठवला, तो विधीच वस्त्रे हाती पडताच धर्मबाह्य ठरण्याच्या मार्गाला लागला. दिवे नाहीत म्हटल्यावर दिव्यांचे निधी कशाला? ते बंद झाले. निधी नाहीत म्हणून मेंढरे विकली गेली. चर्च-एल थांबले. मुलींच्या वॉर्डन राहिल्या नाहीत, तरुणांचेही वॉर्डन राहिले नाहीत. वहीतली ती गजबज ओसरते; नावे कमी होतात, नोंदी आखूड होतात आणि पूर्वी शिल्लक दाखवणारे गाव कर्जाची भाषा बोलू लागते. काही वस्तू गावकऱ्यांनी आपापल्या घरी नेऊन ठेवल्या. वरवर पाहता ती वासलात होती. प्रत्यक्षात ती जपणूक होती, हे पुढे दिसून आले.

जून १५४९ मध्ये नवे प्रार्थनापुस्तक इंग्लंडभर सक्तीचे झाले. लॅटिन मिस्साविधी गेला आणि त्याच्या जागी इंग्रजी उपासना आली. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सँपफर्ड कोर्टनी या गावी लोकांनी धर्मगुरूला जुनीच उपासना करायला लावली, आणि पाहता पाहता डेव्हन व कॉर्नवॉल बंडाने पेटले. बंडखोरांनी २ जुलैपासून एक्सिटर शहराला वेढा घातला. तो ६ ऑगस्टला राजाच्या सैन्याने मोडला. त्यानंतरच्या लढायांत आणि सूड उगवण्यात हजारो माणसे मेली. एक्सिटरजवळच्या संत थॉमस पॅरिशचा धर्मगुरू रॉबर्ट वेल्श याला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर, उपासनेच्या वस्त्रांसह, फाशी देण्यात आले.

मोरबाथच्या वहीत या बंडाबद्दल एकही भाष्य नाही; पण एक खर्च आहे. गावातील पाच तरुणांना एक्सिटरबाहेरील सेंट डेव्हिड्स डाउन येथील तळावर पाठवताना पॅरिशच्या पैशातून खर्चासाठी रकमा दिल्याची ती नोंद. तो तळ बंडखोरांचा होता. म्हणजे हे राजनिष्ठ, भिडस्त खेडे आपली मुले राजाविरुद्धच्या बंडात पाठवीत होते, आणि त्याचा धर्मगुरू तो खर्च नेहमीच्या सरळपणाने, मेणाच्या आणि लोकरीच्या नोंदींच्या ओळीत लिहून ठेवीत होता. हे लिहिणे गळ्याशी येऊ शकते याची त्याला कल्पना नसेल असे मानता येत नाही. पण गावाचा पैसा खर्च झाला होता, तेव्हा त्याची नोंद व्हायला हवी होती. त्या पाचांपैकी काहींची नावे नंतरच्या नोंदींत पुन्हा येत नाहीत.

५

मराठी वाङ्मयाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकापुढे येथे एक अडचण उभी राहते. ज्ञानेश्वरांपासून आपण असे मानत आलो आहोत, की धर्म देवभाषेतून लोकभाषेत येणे म्हणजे तो लोकांचा होणे. देशीचा हा कैवार आपल्या वाङ्मयीन अस्मितेचा पायाच आहे. मग मोरबाथचे शेतकरी मातृभाषेतील प्रार्थनेविरुद्ध आणि न कळणाऱ्या लॅटिनच्या बाजूने मरायला का गेले? ते अडाणी होते, धर्मगुरूंच्या कह्यात होते, हे उत्तर सोपे आहे आणि पुष्कळ काळ तेच दिले गेले. कॉर्नवॉलच्या बंडखोरांच्या बाबतीत तर दुसरेही एक कारण होते: त्यांच्यातील पुष्कळांची भाषा कॉर्निश होती, इंग्रजी नव्हतीच. तेव्हा 'लोकभाषा' म्हणून जी लादली गेली ती त्यांना लॅटिनइतकीच परकी होती.

पण मोरबाथची भाषा इंग्रजीच होती. त्या गावाच्या बाबतीत खरे उत्तर वहीतच आहे, असे मला वाटते. या माणसांना आपली भाषा चर्चमध्ये १५४९ साली प्रथम मिळाली नाही; ती तेथे आधीपासूनच होती. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, परंतु तिच्याभोवतीचे सगळे जग त्यांच्या बोलीत चालत असे. दिवा कोणाचा, मेंढरू कोणाकडे, मेण कोणी आणले, चषक कोणी दिला, गेलेल्यांपैकी कोणाचे स्मरण करायचे, हे दर वर्षी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच नावांनिशी चर्चमध्ये वाचले जाई. नव्या व्यवस्थेने त्यांना इंग्रजी प्रार्थना दिली आणि हे दुसरे इंग्रजी काढून घेतले. प्रार्थनेची भाषा कळू लागली. पण त्या चर्चमध्ये त्यांचे करण्याजोगे पूर्वीइतके काही उरले नाही. भाषा लोकांची असणे आणि संस्था लोकांची असणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. आपल्याकडे संतांनी मराठीत लिहिले तेव्हा त्यांच्यामागे वारी होती, दिंडी होती, फड होते. वरून आलेला हुकूम नव्हता. देशीचा कैवार घेताना हा भेद आपण अनेकदा विसरतो.

६

मोरबाथच्या वहीचा अभ्यासही स्वतंत्र इतिहासाचा विषय आहे. मोरबाथचेच पुढच्या काळातील व्हिकार जे. अर्स्किन बिनी यांनी १९०४ साली ती छापून प्रसिद्ध केली. परंतु तिचे पूर्ण मर्म उलगडले ते केंब्रिजचे इतिहासकार एमन डफी यांच्या 'द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' (२००१) या ग्रंथात. तत्पूर्वी ए. जी. डिकन्स यांच्या 'द इंग्लिश रिफॉर्मेशन' (१९६४) या ग्रंथाने असे मत रूढ केले होते, की जुना धर्म आतून पोकळ झाला होता आणि सुधारणेला लोकमानसात आधीच जागा तयार होती. डफी यांनी 'द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स' (१९९२) मध्ये या मताला मोठ्या पुराव्यानिशी आव्हान दिले, आणि मोरबाथवरील ग्रंथात तेच आव्हान एका खेड्याच्या पातळीवर नेऊन तपासले. पाच तरुण बंडखोरांच्याच तळावर गेले होते, हे त्यांनी मूळ हस्तलिखिताच्या वाचनातून सिद्ध केले.

डफी यांच्या विवेचनाबद्दल आदर बाळगूनही एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. ग्रंथाच्या नावात 'आवाज' हा शब्द अनेकवचनी आहे; वहीत मात्र हात एकाच माणसाचा आहे. गावकरी बोलतात ते धर्मगुरूच्या लेखणीतून. सिडवेलचा दिवा त्यांना खरोखर किती प्रिय होता आणि तो लावण्याचा आग्रह किती होता, हे वेगळे काढणे सोपे नाही. गाव एकजीव होते, असेही नाही. १५३०च्या दशकात चर्चच्या कारकुनाला घरटी किती द्यायचे यावरून असा वाद माजला की काहींनी देणे नाकारले आणि तो मिटवता मिटवता सर्वांच्या नाकी नऊ आले. सर क्रिस्टोफर ऐक्याचा उपदेश वारंवार करतो, याचा अर्थ ऐक्याला वारंवार तडे जात होते. ज्या घरांकडे मेंढरू सांभाळण्याइतकीही ऐपत नव्हती ती माणसे वहीत जवळजवळ मुकी आहेत. जुन्या गावगाड्याविषयी लिहिताना आपल्याकडेही हा धोका असतो: जे मोडले त्याच्या हळहळीत, ते असताना कोणाच्या वाट्याला काय येत होते हे विसरले जाते.

तरीही ही शंका मूळ मुद्द्याला बाधा आणत नाही. अपुरा का होईना, पण तेथे एक सहभाग होता. तो नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दीर्घकाळ तितक्या तोलाचे काही आले नाही.

७

१५५३ साली मेरी राणी झाली आणि जुना धर्म परत आला. मोरबाथच्या लोकांनी घरोघर जपून ठेवलेल्या वस्तू चर्चमध्ये आणून दिल्या. या काळात सर क्रिस्टोफरने मागे वळून पाहिले आहे. एडवर्डच्या काळात चर्चची कशी दिवसेंदिवस हानी होत गेली आणि आता त्याला पुन्हा धीर आला, अशा आशयाची त्याची नोंद म्हणजे या वहीतील सर्वांत उघड मनोगत. पण दिलासा पाच वर्षेच टिकला. १५५८ साली मेरी वारली, एलिझाबेथ आली, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी प्रार्थनापुस्तक पुन्हा कायद्याने सक्तीचे झाले.

सर क्रिस्टोफरने तेही स्वीकारले. तो जागेवर राहिला, नवी उपासना चालवीत राहिला आणि हिशेब लिहीत राहिला. आता वहीत संतांचे दिवे नाहीत. त्यांच्या जागी रस्ते, पूल, सैनिकांची सामग्री असले शासनाने पॅरिशवर टाकलेले खर्च वाढत जातात. एलिझाबेथच्या राज्याच्या अखेरीस, १६०१च्या कायद्याने, गरिबांच्या पोषणाची जबाबदारीही पॅरिशवर आली. गावाने आपल्या हौसेने चालवलेली संस्था राज्याच्या कारभाराचा शेवटचा दुवा होऊन बसली.

ज्या गोष्टीसाठी माणसे मेली ती गोष्ट या माणसाने सोडून दिली, असे म्हणून त्याला संधिसाधू ठरवता येईल. त्याच्याच धर्माचे काही लोक देश सोडून गेले, काही फासावर गेले. त्यांच्या शेजारी तो लहान दिसतो, हे खरे. पण वही वाचणाऱ्याला त्याची निष्ठा कोठे होती हेही दिसते. ती सिद्धांतापेक्षा तेहतीस घरांशी होती. त्यांचे बाप्तिस्मे, त्यांची लग्ने, त्यांची दफने त्याने केली होती; त्यांच्या लोकरीचा हिशेब त्याने ठेवला होता. तो निघून गेला असता तर गावात दुसरा कोणी आला असता, आणि गेलेल्यांची नावे त्या नव्या माणसाला ठाऊक नसती. ही निवड थोर होती असे म्हणण्याची आवश्यकता नाही. ती समजण्याजोगी होती, एवढे मात्र म्हणावेच लागेल.

ज्यांनी देश सोडला त्यांच्यातील एकाशी मराठीचा निकटचा संबंध आहे. डेव्हनपासून फार दूर नसलेल्या विल्टशर परगण्यात, बंडाच्याच म्हणजे १५४९ सालाच्या सुमारास, थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला. मोरबाथशी त्याचा काही संबंध नव्हता. पण ज्या इंग्लंडमध्ये जुन्या धर्माला जागा उरली नव्हती, त्या इंग्लंडचाच तो मुलगा. तो रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याने मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. तो ज्या सासष्टीत राहिला तेथील देवळे १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. आपल्या जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने हे पुराण रचले. एका राजाच्या आज्ञेने वेद्या उघड्या पडलेल्या देशातून तो निघाला आणि दुसऱ्या राजाच्या सत्तेने देवळे पाडलेल्या भूमीत येऊन त्याने लोकांच्या कानाला ओळखीचे काही देण्याचा प्रयत्न केला. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, याचा विचार त्याने केला होता की नाही, हे त्याच्या ओव्यांतून ज्याने त्याने शोधावे.

मोरबाथचे चर्च आजही उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम बटरफील्ड या वास्तुकाराने त्याचा जीर्णोद्धार केला, त्यामुळे सर क्रिस्टोफरच्या डोळ्यांपुढचे रूप त्याला राहिलेले नाही. संत सिडवेलची मूर्ती आणि तिच्यापुढचा दिवा तेथे शोधू गेल्यास सापडत नाही. मुलींच्या निधीसाठी पैसा गोळा करीत हिंडलेल्या वॉर्डन, मरणानंतर मधाचे पोळे देऊन गेलेला शेतकरी, सेंट डेव्हिड्स डाउनच्या वाटेला लागलेली पाच मुले, यांची नावे मात्र वहीत आहेत. कारण त्यांच्या पायी गावाचा पैसा जमला होता किंवा खर्च झाला होता, आणि जमा असो की खर्च, ते लिहून ठेवून गावाला वाचून दाखवायचे असते, असे त्या वही लिहिणाऱ्याचे मत होते.